घर सांभाळायला पुतळा

नायगाव, मुंबई
दि. १४ नोव्हेंबर १९७७

चि. पुतळास,
सुलाअक्काचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद, वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो, त्याला आठवडा झाला. शकुआत्याची खोली लहान आहे, मन मोठं आहे आणि तोंड त्याहून मोठं. इलाज संपेपर्यंत मी इथंच राहायचं, हे दोन दिवसांनी परत येतील. तू आईला घेऊन नांदगावहून आलीस, माझ्या पोरीला, विशूला कडेवर घेतलंस म्हणून मला घर सोडता आलं. हे मी विसरणार नाही. पण घर माझं आहे हे तूही विसरू नकोस. हसू नकोस, गंमत करते आहे. थोडी.

आता दुखण्याचं सांगते, आईला वाचून दाखव. मानेतल्या ज्या गाठींना आई गंडमाळ म्हणाली आणि वैदूकडून बिब्ब्याचे चटके देववले, ती गंडमाळ नव्हतीच. नाशिकच्या डॉक्टरांनी क्षयाच्या गाठी समजून तीन महिने इंजेक्शनं टोचली, तीही फुकट गेली. गाठी दुखत नव्हत्या, म्हणून आपण सगळे निर्धास्त होतो. संध्याकाळचा ताप, अंथरूण पिळावं इतका घाम, अंगाची खाज, वाळत जाणं, हे सगळं त्याच एका रोगाचं होतं. इथं एक गाठ कापून काचेखाली तपासली. कॅन्सर निघाला. रसग्रंथींचा. कुठल्याशा साहेबाचं नाव आहे त्याला, हॉजकिन.

ह्यांना काही उमजेना. पोटाचा कॅन्सर ऐकला होता, रक्ताचा ऐकला होता, हा कुठला? डॉक्टरांनी विचारलं की तुम्ही काम काय करता. हे म्हणाले, नाशिक रोडला जकात नाक्यावर कारकून आहे. मग डॉक्टरांनी ह्यांच्याच भाषेत सांगितलं. अंगात रक्ताच्या नळ्यांसारखं दुसरं एक जाळं असतं, त्यातून पाण्यासारखा रस फिरतो. त्या वाटेवर मानेत, काखेत, जांघेत, छातीत, पोटात नाके असतात. रोगजंतू आला की तिथं अडवायचा, हे त्या गाठींचं काम. माझ्या नाक्यांवरचे शिपाईच बिघडलेत. काम सोडून नुसते वाढत सुटलेत, आणि एका नाक्यावरून पुढच्या नाक्यावर चाललेत. ह्यांचा चेहरा असा उतरला की मलाच धीर द्यावा लागला. औषध आहे. महिन्याला एक अशा सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन इंजेक्शनं आणि पंधरवडाभर गोळ्या. पुष्कळ माणसं बरी होतात, पण सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या तर.

घरातलं ऐक. तिखटाचा डबा खालच्या फळीवर आहे, तिथंच राहू दे. हिरव्या इरकलीला वारा द्यायला काढू नकोस, मी आल्यावर देईन. विशूला काजळ घालू नकोस, तुझ्या हातून वाकडं होतं. तू आतल्या खोलीत निज, हे बाहेर निजतील. असं का लिहिते ते तुला कळत असेल. नसेल कळत तर बरंच आहे.

तुझा लोभ आहेच. तो माझ्यावरच असू दे, इकडेतिकडे सांडू नकोस.

तुझी
सुलाअक्का


नाशिक रोड
दि. २ डिसेंबर १९७७

ती. अक्कास,
पुतळाचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. बिब्ब्याचं ऐकून ती दोन दिवस जेवली नाही. मीच पोरीची मान जाळली, असं घोकत बसली. चटक्यांनी रोग झाला नाही, उशीर तेवढा झाला, हे तिला परोपरीनं सांगितलं. शेजारच्या लंकाबाईंनी विचारलं की सुलाबाई आल्यावर त्यांची कपबशी वेगळी ठेवायची का. मी म्हटलं, हा लागट रोग नाही. आमच्या अक्काकडून काही लागायचंच असतं तर आधी तिची जीभ सगळ्या आळीला लागली असती. त्या हसल्या, पण कपबशीचा विचार सोडला.

डबे जागच्या जागी आहेत. एकच चूक झाली. माझी दोन्ही पातळं ओली होती, तर दाजी म्हणाले अक्काचं एखादं नेस. मी तुझं निळं नेसले, हिरव्याला हात लावला नाही. विशूनं मला पाठमोरी पाहिलं आणि आई आई करत धावत आली. तोंड पाहिलं आणि भोकाड पसरलं. मग मीही रडले. हे तुला कळवू नये असं वाटत होतं, पण तुझ्यापासून काही लपवलं की मला अन्न गोड लागत नाही.

दाजी ड्यूटीवरून आले की विशूला खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत जातात. परवा पिठलं दोनदा मागून घेतलं. मी म्हटलं, अक्कानंच शिकवलंय. ते म्हणाले, हे जरा पातळ असतं, घशाखाली नीट उतरतं. आता यावर जळू नकोस, जळल्याचा वास इथपर्यंत येईल.

माझ्या नोकरीची ऑर्डर अजून आली नाही. डी.एड. होऊन वर्ष झालं, खडू हातात धरायचा कसा तेही विसरेन. पण सध्या तू बरी हो, शाळा कुठं पळून जात नाही.

माया होती तेवढी ठेव, वर चार शिव्या आल्या तरी गोड मानून घेईन.

तुझी
पुतळा


नायगाव, मुंबई
दि. २४ जानेवारी १९७८

चि. पुतळास,
जयभीम, वि. वि.

तिसरी फेरी झाली. आता माझं रूप ऐक. केस गेले. रोज सकाळी उशीवरून गोळा करायचे आणि टाकायचे, आता तेही काम उरलं नाही. गोळ्यांनी तोंड सुजून भोपळा झालं आहे. बोटांना मुंग्या येतात, पोलक्याचे हूक लावता येत नाहीत. शकुआत्या लावून देते आणि मी किती नशीबवान आहे ते सांगते. इंजेक्शनच्या दिवशी आतडी बाहेर येतील इतकं ओकते. मग गोळ्यांमुळं भूक लागते, ती वेगळीच.

परवा रविवारी हे आले होते. तुझ्या हातच्या शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन. ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं आहे. शर्टाला इस्त्री. गळ्याशी तुटलेलं बटण लागलेलं. मी बटणाला फुलीचा टाका घालते, इथं दोन सरळ टाके होते. मी चाचपून पाहिले. बोटांना मुंग्या असल्या तरी तेवढं समजलं. पुतळानं अंगणात कोथिंबीर पेरली. पुतळा विशूला चित्रं काढून देते. पुतळा असं म्हणते नि पुतळा तसं म्हणते. मी ओकत होते, हे पाठ चोळत होते, आणि तेव्हाही सांगत होते की पुतळानं लिंबाचं लोणचं पाठवलंय.

हे गेल्यावर आत्याच्या पोटात राहीना. ती म्हणाली, तू जिवाला घोर लावून घेऊ नको, तुझ्या आईनं सगळा इचार केलाय. सुलाचं काही बरंवाईट झालंच तर पुतळा हायेच. पोरीला मावशीसारखी आई मिळायची नाय, आन् जावईबी घरातल्या घरात राहतील. आपल्यात असंच करत्यात, त्यात नवीन काय. खरंच नवीन काही नाही, पुतळा. आपल्या थोरल्या चुलतीच्या जागी तिची बहीण आलीच होती. पण चुलती आधी गेली होती. मी अजून जिवंत आहे, आणि माझी जागा कुणी मोजून ठेवली आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

मी ठरवलं आहे. येत्या रविवारी मी घरी येते. मान चाचपली, काख चाचपली, एक गाठ हाताला लागत नाही. ताप नाही, घाम नाही. डॉक्टर नको म्हणाले. औषध मधेच सोडलं तर रोग उलटेल, आणि उलटलेला रोग याच औषधाला जुमानेल याचा भरवसा नाही, असं म्हणाले. म्हणू देत. मरायचंच असेल तर माझ्या घरात, माझ्या अंथरुणावर मरेन. त्यावर दुसरं कुणी पसरायच्या आत.

लोभाचं काय ते समोरासमोर बोलू.

सुला


नाशिक रोड
दि. २७ जानेवारी १९७८

ती. अक्कास,
जयभीम.

पोस्टाची वाट पाहायला वेळ नाही. हे पत्र दाजींच्या हाती देते आहे, ते शनिवारी तुझ्यापुढं उभे राहतील. येऊ नकोस.

आई तसं म्हणाली हे खरं आहे. माझ्या तोंडावर म्हणाली, दाजी जेवत होते. मी हातातलं उलथनं टाकलं आणि सांगितलं की अक्का जिवंत आहे, आणि मी काही तिच्या घरातलं पातेलं नाही, एकीचं झालं की घासून पुन्हा चुलीवर चढवायला. दाजी अर्ध्या भाकरीवरून उठले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, बोललीस ते बरं केलंस, मला बोलवत नव्हतं.

तुला वाटतं मला तुझं घर हवं आहे. काविळीच्या डोळ्याला सगळं पिवळं दिसतं. अक्का, मला काय हवंय ते तुम्ही कुणी विचारलंत का? मी रोज उठून मनात एकच म्हणते, अक्का बरी होऊ दे. त्यात माया आहे आणि माझा स्वार्थही आहे. तू गेलीस तर मला इथं बसवतील, जन्मभर तुझ्या तिखटाच्या डब्याची फळी राखत. दाजी माणूस चांगले आहेत, पण घोरतात, आणि ट्रकांशिवाय दुसरं बोलत नाहीत. तुझे तुला लखलाभ. हेवा वाटतो म्हणशील तर वाटतो, पण तो विशूवरून. बाकी तुझ्या घरातलं मला काही नको.

गाठ हाताला लागत नाही म्हणजे रोग गेला, असं नाही. दाजींनी मला समजावलं ते तुला सांगते. नाक्यासमोरची ट्रकांची रांग हटली की वरचे साहेब खूश होतात, पण आडवाटेनं शिरलेला माल शहरात असतोच, तो दिसत नाही एवढंच. राहिलेल्या तीन फेऱ्या त्या न दिसणाऱ्यासाठी आहेत. ज्या दिवशी तुला सगळ्यात बरं वाटेल, त्याच दिवशी औषध सोडायचा मोह होणार, आणि तोच घात करणार.

तू घर राखायला येणार होतीस ना? मग राखायला घरच ठेवत नाही. माझी ऑर्डर आली, पेठच्या शाळेची. एक तारखेला हजर व्हायचं आहे. विशूला बरोबर नेते. आई आदळआपट करत नांदगावला परत जाते आहे, जाऊ दे. दाजी हातानं भाकरी थापतात, मी शिकवली आहे. नकाशा होतो, पण भाजते नीट. ते कामावर गेले की घराला दिवसभर कुलूप. तुझ्या अंथरुणावर कुणी पसरत नाही. आता बस तिथं आणि राहिलेल्या तीन घे.

रागावलीस तरी गोळ्या वेळेवर घे. राग पचला की लिही.

पुतळा


नायगाव, मुंबई
दि. २० फेब्रुवारी १९७८

चि. पुतळास,
जयभीम.

चौथी फेरी घेतली. तुझ्या पत्रामुळं घेतली असं समजून फुगू नकोस. ह्यांनी रजा टाकली आणि दारात बसून राहिले, मला उंबरा ओलांडू दिला नाही. एवढं हट्टानं वागलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नकाशाची भाकरीही दाखवायला आणली होती.

माझ्या नवऱ्याला हात लावला नाहीस, हे मी मानते. पण पोर उचलून नेलीस. घराला कुलूप लावून तू मला तुला हवं तसं गप्प बसवलंस, आणि माझं जे खरं होतं ते काखोटीला मारून डोंगरात गेलीस. तिथं ती काय खाते? कुणाच्या पोरांत खेळते? पेठचं बोलणं शिकली असेल. तिचं पहिलं पूर्ण वाक्य कोण ऐकणार, तू. दाढ येईल ती तुला दिसेल. मी इथं दुसऱ्यांच्या पोरांची रडणी ऐकते आणि माझी कशी रडते ते आठवून बघते.

आणखी एक सांगायचं होतं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बसवून सांगितलं. औषधानं पाळी बंद झाली आहे. पुन्हा येईलच असं नाही, पुढं मूल होणं कठीण. लग्नाला सात वर्षं झाल्यावर झालेली एक विशू, तेवढीच आता. बरी होऊन मी जिच्याकडं यायचं ती एकुलती तुझ्या मांडीवर आहे, पुतळा. हे वाचून तुला काय वाटेल मला माहीत नाही. मला तुझे केस ओढावेसे वाटतात, आणि माझ्या डोक्यावर तर तेही नाहीत.

तिला माझं नाव सांगत जा. आई मुंबईला आहे, येणार आहे, असं रोज म्हण.

जेवढा लोभ तिला देतेस त्यातला चिमूटभर मला ठेव.

सुलाअक्का


पेठ
दि. ९ एप्रिल १९७८

ती. अक्कास,
पुतळाचा सविनय जयभीम, वि. वि.

डॉक्टरीणबाईंचं वाचलं. आता विशूचंच लिहिते.

ती नागलीची भाकर आवडीनं खाते. दाढ आली, ताप आला नाही. शाळेत माझ्या टेबलाखाली बसते आणि पोरं पाढे म्हणायला लागली की सगळ्यात मोठ्यानं ओरडते, पाढा मात्र कुठलाच नसतो. घरमालक गोटीरामबुवा तिला इन्स्पेक्टर म्हणतात. रंग थोडा रापला आहे, त्यावरून मला बोल लावू नकोस. काजळ मी घालत नाही.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. शाळेतली पोरं मला बाई म्हणतात, त्यामुळं विशू दिसेल त्या बाईमाणसाला बाई म्हणते. मला मात्र आई म्हणते. मी रोज सांगते की मी मावशी, आई मुंबईला. ती शहाण्यासारखी मान डोलावते आणि पुन्हा आई म्हणते. किती वेळा सुधारायचं? परवा नाही सुधारलं. दमले होते. दमले होते एवढंच कारण होतं असंही नाही.

तुझी सहावी फेरी या महिन्यात होईल. मग तपासण्या. तू घरी आलीस की विशूला आणून सोडीन. शाळा जूनमध्ये उघडते, त्याआधीच आणते.

तुझा राग मला पुरतो, तुझी माया त्यावर मिळाली तर नाही म्हणणार नाही.

तुझी
पुतळा


नाशिक रोड
दि. १८ जुलै १९७८

चि. पुतळास,
सुलाअक्काचा जयभीम आणि आशीर्वाद, वि. वि.

गेल्या आठवड्यात मुंबईला जाऊन आले. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, कुठं काही नाही. दर तीन महिन्यांनी जायचं. बरी झाले म्हणायला अजून बरीच वर्षं आहेत. आत्ता म्हणायचं की सध्या नाही. हे दोन शब्द बोलायला मी शिकले. तिखटाचा डबा खालच्या फळीवर आहे, नवरा बाहेरच्या खोलीत घोरतो, सगळं जागच्या जागी आहे. एक विशू सोडून.

ती मला मुंबईच्या बाई म्हणते. डोक्यावर आता बोटभर केस आलेत, तरी दाराआडून बघते. घास पुढं केला की ओठ मिटते. लंकाबाईंकडं जाते, दूधवाल्याच्या सायकलवर बसते, माझ्याकडं येत नाही. झोपायच्या वेळी तुझ्यासाठी पोटातून रडते. मांडीवर घेतली की फळीसारखी ताठ होते. रडून रडून दमली की कोपऱ्यात जाऊन निजते, माझ्याकडं पाठ करून.

रविवारी तू आलीस. दिवसभर तिनं तुझा पदर सोडला नाही. तुझ्या हातून सगळं ताट संपवलं. तू एसटीत चढलीस आणि ती हात सोडवून बसच्या मागं धावली. मी धरली तर माझ्या मनगटाला चावली. आणि मी तिला मारलं, पुतळा. रस्त्यात, सगळ्यांसमोर. तीन वर्षांचीही नाही ती. मारताना माझ्या डोळ्यांपुढं ती नव्हतीच, तू होतीस.

ह्यांच्यावरून तुझ्यावर जळले तेव्हा जळायला काही कारण नव्हतं. आता कारण आहे आणि जळायला तोंड नाही. तू तिला वाढवलंस म्हणून मी सहा फेऱ्या पुऱ्या केल्या. आई म्हणते तुझे पाय धुऊन पाणी प्यावं, खरं आहे. तरी लिहिते. तू येऊ नकोस. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत येऊ नकोस, खाऊ पाठवू नकोस, तिच्या नावानं पत्र लिहू नकोस. तिला तुझी सवय मोडू दे. तिला तू थोडी विसरू दे. हा कृतघ्नपणा आहे आणि मला तो कळतो आहे. पण मी ओकून ओकून जी परत आले ती हिच्यासाठी, आणि तू दारात उभी असलीस की तिला मी दिसत नाही.

हे वाचून तुझा लोभ आटला तर दोष माझा. आटू नये एवढं मात्र वाटतं.

सुला


पेठ
दि. २४ जुलै १९७८

ती. अक्कास,
पुतळाचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. लगेच उत्तर लिहायला बसले आणि ते फाडलं. ते वाचलं असतंस तर पुन्हा मुंबईला न्यावं लागलं असतं. जळणं काही तुझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही.

विशू बसमागं धावली ते मी मागच्या काचेतून पाहिलं. वाईट वाटलं. पण त्याआधी, अगदी आधी, मला बरं वाटलं होतं. म्हणून तुझं म्हणणं बरोबर आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी येणार नाही. तेव्हाही तू बोलावलंस तर येईन. इथं शाळेत आता ऐंशी पोरं आहेत, टेबलाखाली कुणी नाही. माझी काळजी करू नकोस, किंवा थोडी कर.

तिला परत मारू नकोस. मारावंसं वाटलं तर मला पत्र लिही, मला हव्या तेवढ्या शिव्या घाल.

जूनच्या आरंभी तिला आणून सोडली तेव्हा तू विचारलं होतंस की ही झोपते कशी. मी म्हटलं, आपोआप. ते खोटं होतं. एवढं एक तरी माझ्याकडं राहू दे असं वाटलं. आता तेही घे.

ती मांडीवर झोपत नाही. अंथरुणावर निजव. दिवा बारीक कर. तू तिच्या पायाशी बस आणि तिच्या उजव्या पायाचा अंगठा मुठीत धर. गाणं लागत नाही, गोष्ट लागत नाही. नुसता धरून बसायचं. पाय ओढून घेईल, तरी सोडायचा नाही. पहिले काही दिवस रडेल. नंतर रडणं कमी होईल, श्वास लांब होईल, आणि अगदी झोप लागता लागता डोळे न उघडता ती आई म्हणून हाक मारील.

ती हाक कुणाला मारली, ते मनात आणू नकोस. ओ दे.

तुझी
पुतळा